गाडीचे नाक

आमच्या हिंगोलीत तीन गोष्टींचा तुटवडा कधी पडत नाही : ऊन, धूळ आणि सल्ला. एखाद्या साली पाऊस दगा देतो, कयाधूचे पात्र कोरडे पडते, हळदीचा भाव बसतो. या तिघांचे पीक मात्र बारमाही आहे. त्यामुळे मोटारीला थंड आणि स्वच्छ हवा कशी पुरवावी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसाला नसत्या शौकाचा वाटला, तरी आमच्याकडे तो तसा नाही. त्यातून या खेपेला त्या प्रश्नाला एका तरुण मुलाचे भवितव्य येऊन चिकटले होते, म्हणून मी त्याच्या खोलात शिरलो. एरवी मी पडलो मराठीचा अध्यापक. मोटारीशी माझा संबंध किल्ली फिरवण्यापुरता, आणि ती सुरू न झाली तर करुणरसापुरता.

आमची गाडी लहान आहे. चार सिलिंडर, बाराशे सी.सी., पेट्रोलवर चालणारी आणि आमच्याकडे येण्यापूर्वी एका संसाराचा अनुभव घेतलेली. कॉलेज, भाजीबाजार, महिन्यातून एकदा आईला नांदेडला डॉक्टरांकडे नेणे आणि सणावाराला सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी जाणे, एवढाच तिचा प्रपंच. तिच्याविषयी तक्रारही एकच. चैत्र-वैशाखातल्या दुपारी चार माणसे बसवून, ए.सी. लावून चढ चढू लागले की तिचा दम जातो. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवतात आणि आई मागच्या सीटवरून ‘आपण उतरू का रे?’ असे विचारते.

माझा पुतण्या आमच्याकडेच राहतो. आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिक होऊन गेली दोन वर्षे तो गावातल्या एका गॅरेजात काम करतो. गेल्या चैत्रात एका रविवारी बॉनेट उघडून तो बराच वेळ आत पाहत राहिला आणि मला म्हणाला, “काका, हिला कोल्ड एअर इन्टेक बसवून बघू या का?”

आता यात भवितव्याचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध असा की, त्याच आठवड्यात गावाहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला होता. “तुहं ऐकंल तो,” दादा म्हणाले. “काहून ह्या तेलकट धंद्यात जीव घालून बसला, इचार त्याला. पोलीस भरतीची तयारी कर म्हणावं. मुलीकडचे पाहुणे येतात, नोकरी इचारतात अन् चहा पिऊन जातात.” दादांचे म्हणणे खोटे नव्हते. गॅरेजातला मुलगा म्हटले की स्थळे परत फिरतात, हे मीही पाहत होतो. पण पोराला हा धंदा सोड म्हणण्यापूर्वी त्याला तो येतो की नाही, हे तरी कळायला हवे होते. चकचकीत वस्तूला भुलणारा हा पोर आहे की डोके चालवणारा कारागीर आहे? मी त्याला म्हटले, “बघू या. पण आधी मला पटवून दे.”

प्रथम माझ्यातला अध्यापक जागा झाला. ‘कोल्ड एअर इन्टेक’ला मराठीत काय म्हणावे? मी दोन दिवस खपून ‘शीतवायुग्राहक’ असा शब्द सिद्ध केला आणि जेवताना तो घरच्यांपुढे ठेवला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे नाव घेऊन दुकानात गेलात तर तो तुम्हांला दम्याचं औषध देईल.” शेवटी नामकरण केले ते गॅरेजच्या उस्तादांनी. उस्ताद साठीच्या पुढचे. बोली आमच्या भागातली दख्खनी, जिच्यात ‘होना’ म्हणजे ‘पाहिजे’. ते म्हणाले, “सर, ये गाडी की नाक है. गाडी को हवा होना, बराबर. लेकिन साफ हवा होना.” माझा समास त्या क्षणीच निकालात निघाला.

हे नाक किती हवा ओढते, ते ऐकण्यासारखे आहे. माणूस स्वस्थ बसला असता एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा घेतो. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दिवसाकाठी जवळजवळ ११,००० लिटर. मोटारीचा हिशेब वेगळा. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे पाऊण किलो. त्याला हवा लागणार ११ किलो, आणि आमच्या उन्हाळ्यात एवढी हवा सुमारे १०,००० लिटर जागा व्यापते. म्हणजे हिंगोलीहून निघून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला पोहोचेपर्यंत आमची चिमुकली गाडी एका माणसाचा दिवसभराचा श्वास ओढून मोकळी होते! हे कळल्यापासून मी उगाच गाडी काढणे कमी केले आहे.

हवा तापली की विरळ होते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. साधारण ३ अंशांनी तापमान वाढले की त्याच जागेत १ टक्का हवा कमी मावते. हवा कमी, म्हणून तिच्यासोबत जळणारे पेट्रोल कमी, म्हणून जोर कमी. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी गरम असेल, तर इंजिनाच्या जोरातले सहाएक टक्के तिथेच गळाले. ‘कोल्ड एअर इन्टेक’ची सगळी जाहिरात या एका सत्यावर उभी आहे. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची गार हवा ओढून घ्या, असे ती सांगते.

मात्र जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टीही आहेत, आणि त्या मला पुतण्यानेच सांगितल्या. एक म्हणजे हा सहा टक्क्यांचा हिशेब अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला तरच लागू. आपण एरवी पाय अर्धाच दाबतो, तेव्हा हवेच्या वाटेवर एक चकती अर्धवट मिटलेली असते. तिला थ्रॉटल म्हणतात. दार किलकिले असताना अंगणातला रस्ता रुंद करून पाहुणे लवकर आत येत नाहीत, तसेच हे. दुसरी गोष्ट अशी की, हल्लीच्या बहुतेक गाड्यांत कारखान्यातूनच बाहेरची हवा घेण्याची सोय असते. आणि तिसरी अशी की, बाजारात या नावाखाली पुष्कळदा नुसती लाल रंगाची शंकूच्या आकाराची जाळी मिळते. कारखान्याची बंद पेटी काढायची आणि ही जाळी नळीच्या तोंडाला उघडीच लावायची. ती बसते इंजिनाच्या शेजारी. म्हणजे नाव थंड हवेचे आणि ओढायची ती भट्टीतली.

“मग तू हे मागतोस कशाला?” मी विचारले.

“मागत नाही काका, तपासतो,” तो म्हणाला. “तिचा दम का जातो ते कळलं पाहिजे.”

या उत्तराने मी थोडा सावध झालो. बरोबर तपासणारा विद्यार्थी कसा दिसतो, हे आम्हां शिक्षकांना दुरून ओळखता येते.

पूर्ण संचाची किंमत पाच आकडी होती. एवढ्यात आमच्या आईच्या वर्षाच्या औषधांचा खर्च निघाला असता. सुदैवाने उस्तादांच्या गॅरेजात एका गिऱ्हाइकाने काढून टाकलेला लाल शंकू पडून होता. तो त्यांनी चाचणीपुरता दिला. दरम्यान स्टाफरूममध्ये बातमी पसरली आणि सल्ल्याचे पीक जोमाने आले. पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी फळ्यावर समीकरण लिहिले. वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी मोटार वाहन कायदा १९८८ मधले कलम ५२ काढले. नोंदणीतला तपशील कारखान्याने दिलेल्या तपशिलापासून फारकत घेईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक निकाल दिला आहे, असे त्यांनी बजावले. इतिहासाचे प्राध्यापक एवढेच म्हणाले की, निजामाच्या फौजेची छावणी हिंगोलीत होती तेव्हा घोड्यांना असले काही लागत नसे.

चाचणी पुतण्याने शिस्तीत केली. स्टिअरिंगखाली एक खोबण असते, तिच्यात आगपेटीएवढे यंत्र बसवले की इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोबाईलवर दिसते. वैशाखातली दुपार, बाहेर ४१ अंश. बाजारातल्या गर्दीत गाडी उभी असताना कारखान्याच्या पेटीने आकडा दाखवला ६१. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच ठिकाणी लाल शंकूने दाखवला ६४. औंढ्याच्या वाटेवर एक चढ आहे. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ७० पर्यंत वेग जायला किती सेकंद लागतात, तेही मोजले. फरक निघाला तो माझ्या अंगठ्याच्या चुळबुळीएवढा. आवाज मात्र शंकूचा जबरदस्त! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अशी घुमायची, की ती विमानाशी स्पर्धा करते आहे असे वाटावे. आवाज वाढला की काम वाढल्यासारखे वाटते. हा नियम मोटारींना नवा असेल, सभासंमेलनांना नाही.

तो चढ ओलांडून पुढे गेले की औंढा तालुक्याचा भाग येतो. याच तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. त्यांतली हवा जवळजवळ सगळी काढून घ्यायची, आणि त्या पोकळीतून प्रकाश धाडून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेली लहर टिपायची. मी हे सांगितल्यावर पुतण्या हसून म्हणाला, “म्हणजे तिथे हवा नको म्हणून एवढा खटाटोप, अन् इथे हवा पाहिजे म्हणून आपला!” मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाला, “पण धूळ त्यांनाही चालणार नाही.” तिथल्या आरशांवर एखादा कण बसणेसुद्धा महाग पडते, हे मी वाचले होते. त्याने ते न वाचता ओळखले.

धुळीची परीक्षा घरी झाली. तो काळ हळदीचा. शिजवून वाळवलेली हळद ढोलात घालून पॉलिश करतात, तेव्हा आसमंतात पिवळा धुरळा उडतो. शिवाय रस्त्यांची कामे, मुरमाचे ट्रक आणि काळ्या रानातली भुकटी. या धुळीतले गारेचे कण फार कठीण. ते सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत कानशीसारखी घासतात. इंजिन मग ऑईल पिऊ लागते आणि दम कायमचा जातो. पुतण्याने हिच्याकडून दोन पांढरे रुमाल मागून घेतले. शंकू लावून पंधरा दिवस गाडी चालवल्यावर त्याच्या पलीकडची नळी आतून एका रुमालाने पुसली. मग सगळे स्वच्छ करून कारखान्याची पेटी आणि नवा कागदी फिल्टर बसवला, आणखी पंधरा दिवसांनी दुसरा रुमाल फिरवला. दोन्ही रुमाल त्याने जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी अंथरले. पहिल्यावर राखाडी-पिवळसर पट्टा उमटला होता. दुसरा जवळजवळ कोरा होता. हिने दोन्ही रुमालांवर पाणी सोडले.

तेल लावलेल्या सुती जाळीतून हवा मोकळी जाते ती तिची छिद्रे मोठी म्हणून, आणि मोकळी वाट फक्त हवेलाच मिळते असे नाही. शिवाय जाळीला तेल जास्त झाले, तर काही गाड्यांत हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर त्याचा थर बसतो. घड्या घातलेला कागदी फिल्टर दिसायला गरीब. पण घड्या उलगडल्या तर तो केवढा तरी मोठा भरतो आणि कण अडवतो. उस्तादांनी जुन्या ट्रॅक्टरांची आणि जीपगाड्यांची आठवण सांगितली. त्यांत ‘ऑईल-बाथ’ असे. आत येणारी हवा तेलावरून वळसा घेई आणि धूळ तेलात पडून खाली चिखल होई. ट्रॅक्टरचे नाक तर अजूनही बॉनेटच्या वर, उंच असते. कारण रान नांगरताना धूळ कुठून उठते, ते बनवणाऱ्यांना ठाऊक होते.

शंकू असा निकालात निघाला. पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा त्यानंतर झाली. दुसरा कोणी असता तर ‘कारखान्याचेच बरे’ म्हणून हात पुसून मोकळा झाला असता. पुतण्याला ते ६१ अंश झोपू देईनात. “कंपनीवाले इतके अडाणी नसतात,” तो म्हणाला. “बाहेर ४१ असताना आत ६१ का?” त्याने गॅरेजात आलेली आमच्याच जातीची दुसरी गाडी शोधून काढली, दोन्हींची बॉनेटे उघडून ताडून पाहिली, आणि सापडले! पेटीपासून पुढे हेडलाइटच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक प्लॅस्टिकची नळी जायला हवी होती. ती आमच्या गाडीत नव्हतीच. पूर्वीच्या संसारात कुठल्या तरी धक्क्यात ती तुटली असणार आणि कोणी परत बसवली नसणार. बिचारी गाडी नाक कापलेल्या शूर्पणखेसारखी बॉनेटखालची गरम हवा ओढीत होती. पेटीच्या झाकणाचे रबरही चेपलेले, त्यामुळे थोडी हवा फिल्टरला वळसा घालून आत जात होती.

तशी नळी त्याने नांदेडच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणली. बसवण्याचे काम एका सकाळचे, पण ते पाहताना मला शुद्धलेखनाची वही तपासल्यासारखा आनंद झाला. नळीचे तोंड त्याने उंचावरच ठेवले. का? कयाधूला पूर आला की सखल पुलांवर पाणी चढते. नाक खाली असले आणि इंजिनाने पाण्याचा घोट घेतला, तर पाणी दबत नाही आणि इंजिनाच्या आतला दांडा वाकतो. मग गाडीपेक्षा दुरुस्ती महाग. तोंडाला त्याने पाला आणि उंदीर अडवणारी विरळ जाळी लावली, झाकणाला नवे रबर बसवले, क्लॅम्प आवळले. पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना, याची खात्री केल्यावर इंजिन सुरू करून त्याने देवघरातली उदबत्ती आणली आणि प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवली. सांधा फुटका असेल तर धूर आत ओढला जातो. धूर सरळ वर गेला. आई ओसरीवरून पाहत होती. तिला वाटले, पूजा चालली आहे. आणि तिने तिथूनच हात जोडले.

खर्च आला नऊशे रुपये, रबर आणि फिल्टर धरून. गर्दीत उभ्या गाडीतला आकडा ६१ वरून ४८ वर आला. चढावर किती सेकंद वाचले, ते मी शपथेवर सांगणार नाही. पण भर दुपारी बाजारातून निघताना गाडी आता आचके देत नाही, आणि आईने ‘उतरू का?’ म्हणणे सोडले आहे. वाचकांपैकी कोणाच्या लहान गाडीचा दम जात असेल, तर त्यांनी शंकू घेण्यापूर्वी आपल्या गाडीचे मूळ नाक जागेवर आहे की नाही, हे जरूर पाहावे. कागदी फिल्टर धुऊ नये, आपटू नये. धुळीच्या गावात पुस्तिकेत लिहिल्यापेक्षा लवकर बदलावा. हा सल्ला फुकट आहे. हिंगोलीचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

दादा ज्येष्ठात हळद घेऊन बाजारात आले, तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होते. रात्री मी त्यांच्यापुढे ते दोन रुमाल ठेवले आणि सगळी हकीगत सांगितली. नळी कशी सापडली ते दोनदा सांगितले. “दादा,” मी म्हटले, “भरतीला बसायचं की नाही, ते तुम्ही आणि तो ठरवा. पण हे काम सोड, असं माझ्या तोंडून त्याला सांगणं होणार नाही. वर्गात साठ मुलं बसतात, त्यांतली दोन सुद्धा असा प्रश्न विचारीत नाहीत.”

दादांनी दोन्ही रुमाल दिव्याजवळ नेऊन पाहिले. घडी करून परत ठेवले. बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मी काही विचारले नाही. स्थळांची अडचण माझ्या रुमालांनी सुटणारी नव्हती, हे आम्हां दोघांनाही माहीत होते, आणि ती अजून सुटलेली नाही. दिवाळीनंतर एक पाहुणे यायचे आहेत. या वेळी मुलगा काय करतो, असे विचारले तर मी स्वतः त्यांना गॅरेजात घेऊन जाणार आहे.

सकाळी दादा निघाले तेव्हा पुतण्या त्यांना बसस्टँडवर सोडायला गाडी काढीत होता. दादा पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली आणि पोराकडे न पाहताच म्हणाले, “पेरणीच्या आधी एक रविवार गावाकडं ये. आपल्या ट्रॅक्टरचं बी नाक बघून दे.”